विस्तव दिला तसं नाव

जयरामच्या कुणालीचं लग्न निघालं, ते साल दोन हजार तेवीस. भावकीत ते साल लग्नापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी लक्षात राहिलं. त्याआधी दोन वर्षं थोरला चंदर आणि धाकटा जयराम एकमेकांच्या उंबऱ्याला शिवले नव्हते. आटगावहून मुरबाड काही परमुलूख नाही. किन्हवलीवरून सरळगाव गाठलं की आलंच. पण मध्ये कोर्ट आलं होतं, आणि कोर्टात भांडण होतं ते आईच्या नावाचं.

मांडवाची मेढ रोवताना घरातल्या थोरल्याचा हात आधी लागावा लागतो. बापाला, कोंडूला, जाऊन वीस वर्षं होत आली होती. म्हणजे हात चंदरचा. आई, गोजरबाई, आधीच धाकट्याकडे जाऊन बसली होती. तिथून तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "मेढ खड्ड्याशी आडवी पडून ऱ्हाईल. पोरीचा मांडव उभा व्हावा वाटत नसंल तर येऊ नको."

म्हणून चंदर निघाला. गाडी त्याचा पोरगा संदेश चालवत होता. मागे बायको प्रेमा आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चंदरच्या सदऱ्याच्या खिशात वकिलानं दिलेला कागद होता आणि तो त्याला किन्हवली येईपर्यंत टोचत होता.

"बाबा, आज आजीची सही घ्याच," संदेश म्हणाला. "गुरुवारी तारीख हाय. वकील बोल्ला, आता परत मुदत मागायला जमणार नाय."

"हळदीच्या दिवशी?"

"मग कधी? काका तिला आपल्याकडं पाठवंल का आता?"

कागदात मजकूर थोडका होता. गोजरबाईनं आपलं नाव फक्त नवऱ्याच्या दुकानाला, म्हणजे आटगावच्या 'गोजर साउंड'ला दिलं. मुरबाडच्या 'गोजराई साउंड'ला तिनं ते दिलं नाही, वापरायची परवानगीही दिली नाही. खाली सहीची जागा.

"खोटं कसं लिहून देईल ती?" प्रेमा मागून म्हणाली. "तिनं जयराम भावजींना नाव लिहून दिलं तवा मी बाजूला उभी व्हते."

"आई, तू गप ऱ्हा गो. बाजारात काय चाललंय ते तुला माहीत नाय."

चंदरला मात्र ते चांगलं माहीत होतं. दोघे भाऊ मशीन बनवत. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, भजनाच्या माइकला आणि हळदीच्या स्पीकरला जोडायचा डबा. दोघांचेही डबे हिरवे. दोघांच्याही डब्यांवर तीच वाकडीतिकडी अक्षरं, एकावर गोजर, दुसऱ्यावर गोजराई. गिऱ्हाईक म्हणायचं "गोजरचं मशीन द्या" आणि मिळेल ते घेऊन जायचं. फोनवर दुकान शोधावं तर कधी आटगावचं निघे, कधी मुरबाडचं. मध्यंतरी जयरामनं स्वस्त पडतात म्हणून हलके ट्रान्सफॉर्मर घातले होते. ते डबे तापायचे. किन्हवलीकडच्या एका भजनी मंडळाचा डबा ऐन सप्त्यात धूर सोडून बसला, तर बुवा तो रिक्षात घालून थेट चंदरच्या दारात आला.

"तुझ्या बापाच्या टायमाला असं होत नव्हतं रे!"

"बुवा, हा डबा मुरबाडचा हाय. माझा नाय."

"आमाला काय ठावं? आईचं नाव तर तेच!"

चार माणसांत झालेली ती शोभा संदेशच्या मनाला लागली. 'गोजर' हे नाव त्यानं आधीच सरकारदरबारी नोंदवून घेतलं होतं. मग काकाला नोटीस गेली. चुकून आलेल्या प्रत्येक डब्याचा तो फोटो काढू लागला. चंदर त्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "आमचं नाय हे, मुरबाडला जा." आणि जाण्याआधी 'मी नावाला फसलो' अशा कागदावर त्याची सही घ्यायचा. वकिलानंच तसं सांगितलं होतं.

मुरबाडला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. दारात खड्डा तयार होता, बाजूला उंबराची फांदी बांधलेली मेढ. जयराम पुढे आला नाही. तो मेढीच्या पलीकडे उभा राहिला, नव्या बनियनवर टॉवेल टाकून. केस पांढरे झाले होते त्याचे. दोन वर्षांत एवढे?

"दादा, हात लाव," तो म्हणाला.

चंदरनं हात लावला. मेढ खड्ड्यात उतरली. दोघांनी मिळून माती लोटली आणि दोघंही एकमेकांकडे न बघता हात झटकत उठले.

"आलात, बरं झालं," जयरामची बायको कमळ म्हणाली. "आय आत वाट बघतेय. सकाळपासून चहाला शिवली नाय."

गोजरबाई मागच्या पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. चंदर तिच्यासमोर टेकला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खिशात काय हाय?"

"काय नाय. कागद."

"माझा का?"

चंदरनं खिशावर हात ठेवला.

"प्रेमा बोल्ली मला फोनवर. वाच की. मला माझं नाव सोडून दुसरं काय वाचता येतं?"

चंदरला एकदम भातसानगरची ती खोली आठवली. कोंडू धरणावर पंपाला मदतनीस होता. तिथल्या सायबांचे रेडिओ खोलून जोडून त्यानं हात बसवला, आणि मग गावच्या देवळासाठी पहिलं मशीन स्वतः बनवलं. त्याला नाव द्यायचं होतं 'भातसा'. त्याच दिवसांत गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते. गोजरबाई दिवसभर लावणी करून संध्याकाळी पाटी घेऊन बसायची. नाव लिहिता यायला लागलं आणि बाईला वेडच लागलं. ती चुलीच्या राखेत लिही, भिंतीवर कोळशानं लिही, पिठात बोटानं लिही. मशीन रंगवून उन्हात वाळत ठेवलेलं, बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटात ब्रश. कोंडू पान खायला गेला तेवढ्यात तिनं डब्यावर लिहिलं, गोजर. र तर डब्याच्या कडेवरून खाली उतरायला निघालेला.

कोंडू आला आणि असा ओरडला, की शेजारची माणसं बाहेर आली. पुसायला गेला तर रंग आणखी पसरला. देवळात भजन त्याच सांजेला होतं. तसंच मशीन गेलं. दुसऱ्या दिवसापासून पंचक्रोशीत एकच, "ते गोजरचं मशीन लय खणखणीत बोलतं." पुढच्या डब्याला कोंडूनं स्वतः ब्रश तिच्या हातात दिला. बरीच वर्षं प्रत्येक डब्यावर तीच लिहायची. धंदा वाढल्यावर त्याच अक्षरांवरून स्टिकर झाले.

"वाचतोस का?" गोजरबाईनं विचारलं.

चंदरनं कागद काढला. "मी, गोजरबाई कोंडू, लिहून देते की..." तिथंच त्यानं वाचायचं थांबवलं.

"जयराम वेगळा निघाला तवा मी त्याला काय दिलं रे?"

"बी दिलंस. तवा दिलास."

"आन?"

"विस्तव दिलास."

"खापरीत घालून, वर राख लोटून, या कमळच्या हातात दिला. हिच्याकडं गॅसची शेगडी व्हती तरी दिला. ही बया गाडीवर मागं बसून, खापरी मांडीवर धरून आली आटगाववरून."

"साडीला भोक पडलं व्हतं माझ्या," कमळ चहा ठेवता ठेवता म्हणाली. "नवी साडी."

"त्या विस्तवानं हिची चूल पेटली. तुमची इझली का? आटगावला त्या दिवशी भाकरी झाली नाय का?"

"आये, विस्तव वेगळा, नाव वेगळं. नावावर धंदा चालतो."

"आन भाकरी कशावर चालते?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "जयराम बोल्ला, आये, माझ्या पण डब्यावर लिही. मी लिहिलं. पुढं आई हे अक्षर लिहायला त्यानंच माझा हात धरला. चोरून नाय लिहिलं, तुमच्या ओटीवर बसून लिहिलं. आता तुला पाहिजे तर सही करते मी. सही माझी छान येते. फक्त तू माझ्या तोंडाकडं बघून बोल, की आये, तू त्याला काय दिलं नाय. मग करते."

चंदर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चहा निवला. त्यानं कागदाची घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवली. सही मागण्याची हिंमत झाली नाही, आणि सही नको म्हणायचीही झाली नाही. बाहेर संदेश होता. आता दुकान तोच चालवत होता. बिघडलेल्या डब्यांसाठी शिव्या तो खात होता. त्याला काय सांगायचं?

दुपारी घाणा भरायला बायका जमल्या. मुसळाला आंब्याची पानं बांधली, उखळात हळकुंडं पडली. धवलारीण सकुबाई धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायला बसली. म्हातारीचा आवाज बसका, तरी तिच्याशिवाय हळद लागत नाही. हळदीसाठी साउंड लावणारा पंकज माइक घेऊन आला.

"घ्या सकुआत्या. सगळ्या मुरबाडला ऐकू गेलं पाहिजे." मग दोन्ही भावांकडे बघून हसला. "मशीन तुमचंच हाय, शेठ."

कुणाला उद्देशून म्हणाला ते त्यालाच ठाऊक. डबा हिरवा होता. त्याच्यावर कितीतरी लग्नांतल्या हळदीचे हात उमटले होते, स्टिकर निम्मा खरवडला होता.

सकुबाईनं पहिला धवळा उचलला. कुणालीच्या कपाळाला हळद टेकणार, तेवढ्यात स्पीकर खरखरला, चिरकला आणि बंद पडला. डब्यातून जळका वास आला.

"अगो बाय, माझा आवाज जाळला!" सकुबाई म्हणाली. बायका हसल्या.

संदेश हसला नाही. त्यानं मोबाइल काढून डब्यावर धरला.

"काका, बघा. तुमच्याच पोरीच्या हळदीत तुमचंच मशीन. आता तरी पटतं का? हेच आमच्या नावावर खपतं गावोगाव, आन जोडे आमच्या बापाला बसतात."

"संदेश!" प्रेमा ओरडली. "टाइम बघ कुठला हाय!"

"टाइम हाच हाय आई. कोर्टात दाखवतो मी हे."

कुणाली पाटावर तशीच बसून होती, कपाळ कोरडं. जयरामच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण तो एवढंच म्हणाला, "काढ रे, काढ. पण आधी धवळा होऊ दे. पंकज, स्क्रू-ड्रायव्हर आण."

"मी खोलतो," चंदर म्हणाला. कशाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. बिघडलेला डबा समोर असताना हात बांधून उभं राहणं त्याला कधी जमलं नव्हतं.

झाकण निघालं. चंदरनं आत पाहिलं आणि त्याचा हात थांबला. ट्रान्सफॉर्मरवर सुती पट्टी गुंडाळलेली होती, वरून वार्निशचा जाड हात, पट्टीचं टोक आत खोचलेलं. मुरबाडच काय, अख्ख्या जिल्ह्यात कॉइल अशी बांधणारा माणूस एकच होता.

"हे माझं हाय," तो म्हणाला.

"काय?" संदेशचा मोबाइल तसाच वर.

"मशीन माझं हाय. आटगावचं."

ट्रान्सफॉर्मर थंड होता. जळली होती ती बाजूची एक वायर. पण चंदर बघत होता तिसरंच काही. मागच्या अंगाला कुणीतरी पूर्वी दुरुस्ती केली होती. सोल्डर स्वच्छ, आणि तारा उलट्या बाजूनं पिळलेल्या. जयराम डावखुरा. लहानपणी कोंडू त्याचा डावा हात बांधून ठेवायचा आणि शेवटी कंटाळून म्हणाला होता, "असू दे. बिघाड कोणी केला ते तरी कळंल."

"हे तू केलंस," चंदर जयरामकडे न बघता म्हणाला.

"पंकजनं आणलं व्हतं करोनाच्या आधी. म्हटला, शेठ, तुमचं मशीन बंद पडलं. खोललं तर तुझं."

"मग?"

"मग काय? केलं नीट."

"त्याला सांगितलं नाय, माझं हाय म्हणून?"

"काय सांगू? मुरबाडचं नाय हे, आटगावला जा? त्याची सांजेला हळद व्हती कोणाची तरी." जयरामनं टॉवेलनं मान पुसली. "आन तुझं मशीन बंद पडलं असं चार लोकांत कशाला सांगू मी?"

"अशी किती आली तुझ्याकडं?"

"मोजली नाय दादा."

चंदरला आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची तोंडं दिसली. सही घेतलेली, वाटेला लावलेली. डोळखांबच्या पाड्यावरचा एक माणूस तर डबा डोक्यावर घेऊन आला होता आणि डबा डोक्यावर घेऊनच परत गेला होता. त्यालाही म्हटलं होतं, आमचं नाय हे.

संदेशनं मोबाइल खाली केला. पण पोरगा हट्टी, आणि त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं.

"काका, हे तुमी चांगलं केलं. पण तुमचे ते तापणारे डबे? त्यांचं काय? बुवांचा सप्ता बिघडला तो कोणामुळं?"

"माझ्यामुळं," जयराम म्हणाला. "ते ट्रान्सफॉर्मर मी बंद केले. बुवांकडं जाऊन पाया पडून आलो. तुमच्याकडं पण येणार व्हतो. तेवढ्यात तुझी नोटीस आली, आन मग मला पण राग आला."

"आन भिवंडीचा तो व्यापारी? 'गोजरी' नाव लावून बाहेरून आणलेले डबे विकतोय. आज तुमाला सोडलं तर उद्या तो कोर्टात बोलंल, त्यांना चालतं, मग मला का नाय? मी काय उत्तर देऊ?"

सकुबाई माइक मांडीवर घेऊन बसली होती. पडवीच्या दारात गोजरबाई येऊन उभी होती.

"भिवंडीवाल्याला आयनं विस्तव दिलाय का?" चंदर म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाव दोघांचं. नोंद दोघांची. माझं आन जयरामचं, दोघांचं लिहून घे कागदावर. मग भिवंडीवाल्याच्या मागं लाग, मी येतो तुझ्याबरोबर. हा पण येईल."

"बाबा, वकील हसंल."

"हसू दे. त्याला बोलून घे, आयची सही नाय झाली. तिनं नाय म्हटलं असं नाय. मला मागता आली नाय." त्यानं खिशातला कागद काढून संदेशच्या हातात दिला. मग जयरामकडे वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलला. "पण एक हाय. नाव एक असंल तर कॉइल पण एकच. तुझ्या डब्यात माझी कॉइल जाईल. हलका माल पुन्हा दिसला तर मीच तुझ्या दुकानाचा बोर्ड उतरवीन, कोर्ट-बिर्ट नाय."

"आन गिऱ्हाइकाला कळायचं कसं, कुठलं कोणाचं ते?" संदेशनं विचारलं.

"गावाचं नाव टाक मोठ्या अक्षरात. आटगाव, मुरबाड. ज्याला जिथं जवळ पडंल तिथं तो जाईल," जयराम म्हणाला. "आन चुकून आला तरी माघारी नाय पाठवायचा."

शेवटचं वाक्य त्यानं सहजच टाकलं. चंदरला ते लागलं, पण त्यानं मान हलवली.

"चला रे, शेठलोक!" सकुबाई खेकसली. "तुमचा कारखाना मग लावा. पोरगी कवाची पाटावर बसलीय. का मी अशीच म्हणू, बिनमाइकची? तुमच्या आजीच्या लग्नाला कुठलं मशीन व्हतं?"

"व्हय गो आत्या, झालंच," जयराम म्हणाला आणि डब्यापाशी उकिडवा बसला. चंदरनं जळकी वायर कापली आणि नवी धरली. सोल्डर जयरामनं मारला, डाव्या हातानं. लहानपणी भातसानगरच्या खोलीत दोघं असेच बसायचे, एक धरायचा, एक जोडायचा, आणि बाप दारात पान चघळत उभा असायचा. तेव्हा धरणाच्या दारांतून पाणी सुटलं की खोलीच्या भिंती हलक्याशा थरथरायच्या, हातातली तार हलायची, आणि दोघंही श्वास रोखून ती थरथर थांबायची वाट बघायचे. चंदरनं नकळत श्वास रोखला. जयरामला ते दिसलं.

"सोड की श्वास. इथं धरण नाय," तो म्हणाला.

चंदर हसला. असा हसला, की प्रेमानं कमळकडे आणि कमळनं प्रेमाकडे पाहिलं.

मशीन लागलं. सकुबाईनं धवळा पुन्हा पहिल्यापासून घेतला आणि कुणालीला हळद लागली.

गुरुवारी दोघे भाऊ एकाच गाडीनं कोर्टात गेले. दावा मागे घेतला. वकील हसला नाही, फक्त म्हणाला की हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. नावाच्या नोंदीत जयरामचं नाव घालायचा अर्ज गेला आणि भिवंडीच्या व्यापाऱ्याला नोटीस गेली, ती दोघांच्या सहीनं. पावसाळा सरता सरता आटगावच्या कॉइली मुरबाडला जाऊ लागल्या. गणपतीत संदेश काकाकडे राहून आला, आणि दिवाळीत जयराम आपली माणसं घेऊन आटगावला आला.

त्याच हिवाळ्यात म्हसा गावची जत्रा तोंडावर आली असताना, जत्रेच्या मशिनी जोडता जोडता, जयराम कोंडू आपल्या मुरबाडच्या दुकानात वारला. नऊ जानेवारी दोन हजार चोवीस, मंगळवार, सकाळची वेळ. हृदय बंद पडलं. वय एक्कावन्न. गोजरबाई तेव्हा हयात होती.